पर्यटन-ट्रेलर ओढणारा ट्रक

झोपण्याची, स्वयंपाकाची, स्नानाची व शौचाची सोय असलेले, पण स्वतःचे एंजिन नसलेले चाकांवरील घर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी ओढून नेणारे मोटार वाहन. अशा घरास पर्यटन-ट्रेलर किंवा निवासी ट्रेलर म्हणतात. सुटीचे काही दिवस रानावनात वा जलाशयाकाठी काढता यावेत म्हणून असे ट्रेलर प्रथम तयार करण्यात आले. तथापि अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा या देशांत वर्षातील कित्येक महिने, किंबहुना बाराही महिने, त्यांतच राहणारी कुटुंबे आहेत. त्यांत सेवानिवृत्त जोडप्यांचा भरणा मोठा असतो आणि त्यांपैकी काहींनी राहते घर विकून ट्रेलर घेतलेला असतो. यामुळे ट्रेलरचा आकार व वजन वाढत गेले असून १० ते १३ मी. लांबीचे आणि सामानासह ५,००० ते ९,००० किग्रॅ. वजनाचे ट्रेलर तेथे सर्रास आढळतात. यूरोपातील निवासी ट्रेलर याहून पुष्कळच हलके असतात. खाजगी मोटारीबरोबर ट्रेलर ओढण्याच्या तेथील परवान्यानुसार ट्रेलरचे वजन ३,५०० किग्रॅ. पर्यंतच असू शकते व तो ओढण्यास बहुधा मोठी मोटारगाडी पुरते. अवजड ट्रकच्या निवडीचा प्रश्न म्हणूनच मुख्यतः उत्तर अमेरिकेतील आहे.

ही निवड सामान्यतः ट्रकच्या ओढण्याच्या बळावरून केली जाते. जाहिरातींतही त्याच आकड्यास अग्रस्थान असते. प्रत्यक्षात आधुनिक ट्रकला ओढण्याचे बळ क्वचितच कमी पडते. ट्रेलरचा जो भाग ट्रकच्या पाठीवर विसावतो त्याचे ओझे ट्रकच्या पाट्यांना, आसाला व टायरांना पेलवते की नाही, आणि लांब उतारावर सर्व जोडवाहनाचा वेग ताब्यात ठेवता येतो की नाही, या दोन गोष्टींवर ट्रकची योग्यता ठरते. ट्रेलर आधी खरेदी करून मग तो जवळच्या ट्रकला जोडण्याची प्रथा असल्याने या दोन्ही गोष्टी बहुधा व्यवहार पुरा झाल्यावर लक्षात येतात.

इतिहास : ट्रकच्या पाठीवर टेकणाऱ्या ट्रेलरचा उगम एका हौशी माणसाच्या गरजेतून झाला, हे लक्षणीय आहे. डिट्रॉइट येथील ऑगस्ट फ्रूहॉफ या लोहाराने १९१४ मध्ये एका लाकूड व्यापाऱ्याची नौका उन्हाळी मुक्कामाच्या ठिकाणी नेण्यासाठी फोर्ड मोटारीच्या मागे जोडता येईल असा गाडा बनविला. त्याचे पुढचे टोक मोटारीवर टेकत असल्याने त्यास ‘अर्ध-ट्रेलर’ असे नाव मिळाले. व्यापाऱ्याने लगेच लाकूड वाहण्यासाठी तसेच गाडे मागितले आणि पुढे अमेरिकेतील मालवाहतुकीचा मोठा भाग या पद्धतीवर उभा राहिला. विमानविद्येचे एक प्रवर्तक ग्लेन कर्टिस यांनी १९२०–३० या दशकाच्या अखेरीस ‘एरोकार’ नावाचा निवासी ट्रेलर तयार केला. त्याच्या जोडणीत विमानाचे एक चाक मोटारीत आडवे बसवलेले असे आणि ट्रेलरची खुंटी त्याच्या मध्यभागी अडकवीत; टायरमधील हवेमुळे धक्के शोषले जात. वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीम कंपनीने १९३६ मध्ये ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा, विमानाच्या धडासारखा गोलाकार ट्रेलर विक्रीस आणला. या ट्रेलरांचा एक ताफा १९५९-६० मध्ये केपटाउनहून कैरोपर्यंत गेला. १९६३-६४ मध्ये सिंगापूरहून निघालेला दुसरा ताफा भारतातूनही गेला होता. इंडियाना राज्यातील एल्कहार्ट व त्याचा परिसर हे या उद्योगाचे प्रमुख केंद्र बनले आहे. मुक्कामी पोहोचल्यावर भिंतीचा भाग बाहेर सरकवून खोली रुंद करण्याची सोय १९९० नंतर रूढ झाली व तीबरोबर ट्रेलरच्या वजनात मोठी भर पडली; कारण सरकत्या भागाची चौकट, दाते व मोटर यांचे वजन घर वापरात नसतानाही वाहावे लागते.

जोडणीचे प्रकार : ट्रेलर ट्रकला दोन प्रकारे जोडतात. पहिल्या प्रकारात ट्रकच्या मागील टोकास पोलादी गोलक असतो व ट्रेलरच्या दांड्याची वाटी त्यावर बसते. दुसऱ्या प्रकारात ट्रकच्या उघड्या हौद्यात, मागील आसाच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे, खाचेची आडवी तबकडी बसवितात आणि ट्रेलरच्या पुढे आलेल्या मजल्याखालील खुंटी तीत अडकते. या तबकडीस ‘पाचवे चाक’ म्हणतात. घोडागाडीचा पुढील आस वळावा म्हणून त्याच्यावर आडवे कडे बसवीत, त्याचे हे नाव मालमोटारींकडे व तेथून निवासी ट्रेलरांकडे आले. ज्या ट्रेलरला अशी जोडणी असते त्यासही व्यवहारात ‘पाचवे चाक’ असेच म्हणण्याचा प्रघात आहे.

दोन्ही प्रकारांत ट्रेलरच्या वजनाचा काही भाग ट्रकवर पडणे अत्यावश्यक असते. बैलगाडीत ओझे मागे अधिक झाले की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते व बैलांना गाडी आवरत नाही. ट्रेलरचेही तसेच आहे. पुढे पुरेसा भार नसल्यास ठराविक वेगाच्या पुढे ट्रेलर डावीउजवीकडे डोलू लागतो, डोलण्याची व्याप्ती प्रत्येक हेलकाव्याबरोबर वाढत जाते आणि अखेर तो ट्रकलाच आडवा ओढतो. म्हणून गोलकावर टेकणाऱ्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के आणि पाचव्या चाकावर टेकणाऱ्याच्या बाबतीत सु. १५ ते २५ टक्के भार ट्रकवर यावा, असा अमेरिकेतील दंडक आहे. यूरोपात वेगमर्यादा कमी व ट्रेलर हलके असल्याने याहून बराच कमी भार चालतो.

गोलक मागील आसाच्या बराच मागे असल्याने तेथील भार तरफेप्रमाणे कार्य करतो. गोलक आसाच्या मागे १.३ मी. आणि ट्रकच्या दोन आसांमधील अंतर ४ मी. असेल, तर गोलकावरील ४५० किग्रॅ. भारामुळे मागील आसावर सु. ५९५ किग्रॅ. ओझे वाढते व पुढील आसावरील सु. १४५ किग्रॅ. कमी होते. पुढील चाके हलकी झाली की सुकाणू व पुढील ब्रेक यांचा जोर घटतो. यावर उपाय म्हणून पोलादी कांबींच्या साहाय्याने हा भार पुढील आसाकडे परत ढकलणारी भार-वाटप जोडणी वापरतात. पाचव्या चाकाच्या बाबतीत ओझे आसावरच येत असल्याने हा दोष उद्‌भवत नाही आणि ट्रेलरही कमी डोलतो; म्हणूनच ५,००० किग्रॅ.च्या पुढील बहुतेक निवासी ट्रेलर या प्रकारचे असतात. मात्र त्यांचा ट्रकवरील भार, म्हणजे खुंटीभार, मोठा असतो.

भारमर्यादा : ट्रकचा निर्माता पुढील मर्यादा घालून देतो : ट्रक व त्यावरील सर्व ओझे मिळून होणारा एकूण वाहनभार, प्रत्येक आसावरील भार, ट्रक व ट्रेलर मिळून होणारा संयुक्त भार, आणि ओढता येणाऱ्या ट्रेलरचे कमाल वजन म्हणजे ओढक्षमता. एकूण वाहनभाराच्या मर्यादेतून ट्रकचे स्वतःचे वजन वजा केल्यावर उरते ती वहनक्षमता होय. माणसे, सामान, जोडणीची तबकडी व खुंटीभार या सर्वांचा समावेश तीत करावा लागतो. यांतील सर्वांत लहान मर्यादा जेथे ओलांडली जाते तेथे ट्रकची क्षमता संपली असे धरतात. इतर आकडे कितीही मोठे असले तरी त्यांचा उपयोग नसतो.

उदाहरणार्थ, डीझेल एंजिन, चार दारांची खोली व चारही चाकांना चालना असलेल्या एका ‘पाऊण टनी’ पिकअप ट्रकची वाहनभारमर्यादा १०,००० पौंड म्हणजे ४,५३६ किग्रॅ. आहे आणि इंधनासह त्याचे वजन ३,५५० किग्रॅ. आहे असे मानू. त्याची वहनक्षमता सु. ९८५ किग्रॅ. येते. जाहिरातीत अशा ट्रकची ओढक्षमता ८,००० किग्रॅ. किंवा त्याहूनही अधिक दिलेली असते. म्हणून मालक भरलेल्या स्थितीत ६,४०० किग्रॅ. होणारा ट्रेलर निर्धास्तपणे घेतो. त्याचा खुंटीभार २० टक्के धरल्यास १,२८० किग्रॅ. होतो. तबकडीचे ९०, चार माणसांचे २८०, व हौद्यातील अवजारे, जनित्र इत्यादींचे १०० किग्रॅ. मिळविल्यास ट्रकवरील ओझे १,७५० किग्रॅ. भरते. म्हणजे ओढक्षमतेचा बराच भाग शिल्लक असताना वहनक्षमता सु. ७६५ किग्रॅ.ने ओलांडली गेली. हा ट्रक असा ट्रेलर ओढतो, चढही चढतो व मालकास काही वावगे जाणवत नाही. पण त्याचे पाटे चपटे होतात, मागील टायर आपल्या मर्यादेजवळ वा तीपलीकडे चालतात आणि ब्रेकांना निर्मात्याने गृहीत न धरलेले वस्तुमान थांबवावे लागते. पाट्यांखाली हवेच्या पिशव्या बसवून ट्रकची पाठ पुन्हा वर उचलता येते. त्यामुळे ट्रक सपाट दिसू लागतो, परंतु आस, टायर व ब्रेक यांच्या मर्यादा होत्या तशाच राहतात.

या हिशेबात आणखी दोन ठिकाणी फसगत होते. माहितीपत्रकात ट्रेलरचे वजन बहुधा रिकाम्या स्थितीतले दिलेले असते. पाणी, वायूच्या टाक्या, विद्युत् घटमाला, भांडीकुंडी, कपडे व अन्न यांमुळे त्यात सहज ८०० ते १,००० किग्रॅ. भर पडते. केवळ ३०० लिटर पिण्याचे पाणी भरल्यास ३०० किग्रॅ. वाढतात. शिवाय सामानाचा मोठा कप्पा व शयनगृह बहुधा खुंटीच्या जवळ असल्याने हे ओझे ट्रेलरच्या चाकांपेक्षा ट्रकवर अधिक प्रमाणात येते. म्हणून हिशेब रिकाम्या वजनावर न करता ट्रेलरच्या कमाल अनुज्ञेय वजनावर करणे इष्ट असते. दुसरी फसगत ट्रकच्या बाबतीत होते. एकाच नावाच्या ट्रकांची वहनक्षमता एंजिन, खोलीचा आकार, चालनेचा प्रकार व चैनीच्या सोयी यांनुसार शेकडो किग्रॅ.ने बदलते. डीझेल एंजिन पेट्रोल एंजिनापेक्षा सु. ३०० किग्रॅ.ने जड असते आणि वाहनभाराची मर्यादा तीच असल्यास तेवढी वहनक्षमता कमी होते. अधिक ओढू शकणारा ट्रक त्यामुळे कमी वाहू शकतो, असा विपरीत प्रकार घडतो. खात्रीचा आकडा माहितीपत्रकात नसून त्या विशिष्ट ट्रकच्या दाराच्या खांबावर चिकटवलेल्या पट्टीवर असतो.

अमेरिकेत ट्रकांचे एकूण वाहनभाराप्रमाणे आठ वर्ग केले आहेत. दुसऱ्या वर्गाची वरची मर्यादा १०,००० पौंड (४,५३६ किग्रॅ.), तिसऱ्याची १४,००० (६,३५०), चौथ्याची १६,००० (७,२५७), पाचव्याची १९,५०० (८,८४५), सहाव्याची २६,००० (११,७९३) व सातव्याची ३३,००० पौंड (१४,९६९ किग्रॅ.) असून त्यापुढील सर्व ट्रक आठव्या वर्गात येतात. ‘अर्धा टन’, ‘पाऊण टन’ व ‘एक टन’ ही पिकअप ट्रकांची बोलीतील नावे एके काळच्या वहनक्षमतेवरून पडली आहेत. आता त्यांचा प्रत्यक्ष वजनाशी संबंध राहिलेला नाही. ‘एक टनी’ ट्रक अडीच टनही वाहू शकतो.

ओढक्षमता व एंजिन : ओढक्षमता ठरविण्याची सर्वमान्य पद्धत पूर्वी नव्हती व प्रत्येक निर्माता आपापल्या सोयीने आकडा जाहीर करी. मोटार अभियंत्यांच्या अमेरिकन संस्थेने २००८ मध्ये यासाठी जे २८०७ हे मानक प्रसिद्ध केले व पुढील काही वर्षांत प्रमुख निर्मात्यांनी ते स्वीकारले. त्यातील सर्वांत कठीण चाचणी ॲरिझोना राज्यातील डेव्हिस धरणाजवळील चढावर आधारलेली आहे. सु. १८ किमी. लांबीचा हा रस्ता सु. ९०० मी. उंची चढतो. हवेचे तापमान किमान ३८° से. असताना व वातानुकूलन पूर्ण चालू ठेवून ट्रकने हा चढ ताशी ६४ किमी. पेक्षा वेग कमी होऊ न देता चढावा लागतो; मागे जोडचाके असलेल्या ट्रकांना ताशी ५६ किमी. पर्यंत सवलत आहे.

अशा चढास लागणारी शक्ती साध्या गणिताने काढता येते. वरील उदाहरणातील ट्रक व ट्रेलर यांचे एकत्रित वजन सु. १०,००० किग्रॅ. धरल्यास ५ टक्के चढावर ताशी ६४ किमी. वेगाने जाताना केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सु. ८७ किलोवॉट शक्ती खर्च होते. टायरांचे घर्षण व हवेचा रोध मिळवून ही शक्ती सु. १२५ किलोवॉट म्हणजे सु. १७० अश्वशक्ती होते. १९८९ मध्ये डॉज पिकअप ट्रकमध्ये प्रथमच कमिन्स कंपनीचे ५.९ लिटरचे सहा सिलिंडरी डीझेल एंजिन बसविण्यात आले, तेव्हा त्याची शक्ती १६० अश्वशक्ती व परिबल (पिळाचा जोर) ४०० पौंड-फूट म्हणजे सु. ५४० न्यूटन-मीटर होते. त्या काळी तो आकडा मोठा वाटला. तरी वरील जोडवाहन या एंजिनाने चढावर रांगतच नेले असते. त्यानंतर कमिन्स, फोर्ड व जनरल मोटर्स यांच्यात जी चढाओढ लागली तीत २०१९ मध्ये पिकअप ट्रकच्या एंजिनाचे परिबल १,००० पौंड-फुटांवर (सु. १,३५६ न्यूटन-मीटर) आणि २०२३ मध्ये १,२०० पौंड-फुटांवर (सु. १,६२७ न्यूटन-मीटर) पोहोचले व शक्ती ४०० ते ५०० अश्वशक्ती झाली. ओढण्याचे बळ हा प्रश्न अशा रीतीने बहुतांशी सुटला आहे. ट्रकची पाठ, आस व टायर यांची क्षमता मात्र त्या प्रमाणात वाढलेली नाही.

पेट्रोल एंजिनाचा ट्रक स्वस्त असतो, त्याची दुरुस्ती सोपी असते व वर सांगितल्याप्रमाणे तो अधिक ओझे वाहू शकतो. वर्षातून दोन-चार वेळा मध्यम वजनाचा ट्रेलर नेणाऱ्यास तो पुरेसा होतो. डोंगराळ प्रदेशात मात्र त्याची उणीव भासते. उंचीबरोबर हवा विरळ होत जाते आणि टर्बोभरण नसलेल्या एंजिनाची शक्ती दर ३०० मी. मागे सु. ३ टक्क्यांनी घटते. कोलोरॅडो राज्यातील आयझेनहौअर बोगदा समुद्रसपाटीपासून सु. ३,४०० मी. उंचीवर आहे; तेथपर्यंत पोहोचताना अशा एंजिनाची शक्ती जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने कमी झालेली असते. टर्बोभारित एंजिनात ही घट पुष्कळशी भरून निघते. मागील आसातील दंतचक्रांचे गुणोत्तरही पाहावे लागते : ४.१० सारखे मोठे गुणोत्तर घेतल्यास चाकांवरील परिबल व संयुक्त भाराची मर्यादा वाढते, मात्र रिकाम्या ट्रकला इंधन अधिक लागते. विद्युत् पिकअप ट्रकचे परिबल भरपूर असते, पण मोठ्या ट्रेलरमुळे त्याचा पल्ला सु. निम्म्यावर येतो.

उतारावरील नियंत्रण : या विषयातील सर्वांत गंभीर व तरीही खरेदीच्या वेळी सर्वांत कमी चर्चिली जाणारी बाब हीच होय. आयझेनहौअर बोगद्यातून पश्चिमेस बाहेर पडल्यावर सिल्व्हरथॉर्न गावापर्यंत सु. १३ किमी. मध्ये रस्ता सु. ७०० मी. खाली येतो. १०,००० किग्रॅ. वजनाचे जोडवाहन एवढे उतरते तेव्हा सु. ६.९ कोटी जूल ऊर्जा मुक्त होते. तेच वाहन सपाट रस्त्यावर ताशी ९० किमी. वेगावरून पूर्ण थांबविताना ब्रेकांना सु. ३१ लाख जूल ऊर्जा शोषावी लागते. म्हणजे हा एक उतार बावीस वेळा एकामागून एक करकचून थांबण्याबरोबर आहे. दुसऱ्या शब्दांत, एवढ्या उष्णतेने २०° से. तापमानाचे सु. २०० लिटर पाणी उकळबिंदूपर्यंत तापेल. उताराला अकरा मिनिटे लागली असे धरल्यास सरासरी १०० किलोवॉट शक्तीचा व्यय होतो. त्यातील काही भाग हवेचा रोध व टायर शोषतात. उरलेला सर्व ब्रेकांवर टाकल्यास त्यांचे अस्तर व तबकड्या लालबुंद होतात, घर्षण घटते, ब्रेक-द्रवास उकळी फुटून पायटा पोकळ लागतो आणि वाहन हाताबाहेर जाते. अशा वाहनांसाठी डोंगरातील महामार्गांच्या कडेला वाळू-खडीचे चढते फाटे काढून ठेवलेले असतात.

या धोक्याचा अनुभव कमिन्स कंपनीचे संस्थापक क्लेसी कमिन्स यांनी स्वतः घेतला होता. डीझेल एंजिनाचा टिकाऊपणा दाखविण्यासाठी १९३१ मध्ये न्यूयॉर्कहून लॉस अँजेल्सकडे ट्रक नेत असता कॅलिफोर्नियातील कॅहोन खिंडीच्या उतारावर त्यांचे ब्रेक निकामी झाले आणि पायथ्याशी रुळांवरून जाणाऱ्या मालगाडीवर आदळण्यापासून ट्रक थोडक्यात बचावला. डीझेल एंजिनात हवेचा प्रवाह अडविणारी झडप नसल्याने पायटा सोडला तरी ते पेट्रोल एंजिनाप्रमाणे गाडीला फारसे मागे खेचत नाही, हे या संकटाचे मूळ होते. पुढे कमिन्स यांनी एंजिनालाच हवा दाबणारा संपीडक बनवून वाहनाची ऊर्जा शोषण्याची युक्ती शोधली. सिलिंडरात हवा दाबली गेल्यावर नेमक्या क्षणी निष्कास झडप उघडून ती सोडून दिली की दट्ट्यास परत ढकलणारे बळ उरत नाही. हा संपीडन ब्रेक जेकब्स कंपनीने १९६१ मध्ये बाजारात आणला व अवजड मालमोटारींत तो सार्वत्रिक झाला. पिकअप ट्रकांच्या डीझेल एंजिनात याऐवजी बहुधा निष्कास ब्रेक असतो. त्यात टर्बोभारकाची हलती पाती मिटवून धुराचा मार्ग आवळतात व त्यामुळे पडणाऱ्या प्रतिदाबाने एंजिन गाडीस रोखून धरते. मोठा ट्रेलर घेऊन डोंगराळ भागात जाणाऱ्याने डीझेल ट्रक घ्यावा तो खरे म्हणजे चढासाठी नसून या ब्रेकासाठी घ्यावा.

ट्रेलरला स्वतःचे विद्युत् ब्रेक असतात आणि चालकाजवळील नियंत्रकाने ते ट्रकच्या ब्रेकांबरोबर कमीअधिक जोराने लावता येतात. जोडणी तुटून ट्रेलर सुटल्यास हे ब्रेक आपोआप लागावेत म्हणून निराळी कळ व विद्युत् घटमालाही असते. तथापि लांब उतारावर हे ब्रेकही तापतात. चढताना जी गती-दंतचक्रे लागतात तीच किंवा त्याहून खालची उतरतानाही ठेवावी, हा मालमोटार चालकांचा जुना नियम येथेही लागू आहे.

जोडचाकांचे व मोठे ट्रक : वरील उदाहरणातील १,७५० किग्रॅ. ओझे मागे एकेरी चाके असलेल्या ‘एक टनी’ ट्रकला जेमतेम पेलते. अशा ट्रकच्या एका टायरची क्षमता साधारण १,५०० ते १,७०० किग्रॅ. असते आणि खुंटीभार जवळजवळ सर्व मागील दोन टायरांवरच येतो. मागे दोन्ही बाजूंस जोडचाके असलेल्या ट्रकची वाहनभारमर्यादा १४,००० पौंड (६,३५० किग्रॅ.) पर्यंत असते, ट्रकचे वजन ३,९०० किग्रॅ. धरल्यास २,४५० किग्रॅ. वहनक्षमता मिळते व वरील ओझे वाहून ७०० किग्रॅ. शिल्लक राहतात. एक टायर फुटला तरी दुसरा भार उचलून धरतो आणि रुंद पाठीमुळे आडव्या वाऱ्यात ट्रक स्थिर राहतो. उलट, सु. २.४ मी. रुंदीचा हा ट्रक शहरातील अरुंद जागी उभा करणे त्रासाचे असते आणि चिखलात वा बर्फात रिकामा असताना त्याची मागील चाके लवकर घसरतात. ज्या कुटुंबास ट्रेलर सोडून उरलेल्या दिवसांतही हाच ट्रक वापरायचा असतो, त्याला हा निर्णय जड जातो.

८,००० किग्रॅ.च्या पुढील ट्रेलरांसाठी चौथ्या ते सहाव्या वर्गातील मध्यम मालमोटारी वापरतात. त्यांचा सांगाडा, आस व ब्रेक व्यापारी वापराच्या हिशेबाने बनविलेले असतात. काही जण आठव्या वर्गातील, लांब पल्ल्याची मालवाहतूक केलेला जुना ट्रॅक्टर ट्रक घेतात. ३५ ते ४० टनांचे जोडवाहन ओढण्यासाठी बनलेल्या या यंत्रास आठ-नऊ टनी ट्रेलर म्हणजे किरकोळ ओझे. त्याचा संपीडन ब्रेक उतारावर बहुधा एकटाच पुरतो, मागे झोपण्याची खोली असते, आणि लाखो किमी. चाललेला असा ट्रक नव्या पिकअप ट्रकपेक्षा कमी किमतीत मिळू शकतो. दोनपैकी एक मागील आस काढून टाकून सांगाड्यावर लहान मोटारगाडी चढविण्याचीही पद्धत आहे. मात्र त्याचे हवादाब ब्रेक व अनेक गतींची दंतचक्रपेटी यांची सवय करावी लागते, टायर व तेल यांचा खर्च मोठा असतो, आणि मालमोटारींसाठी असलेले कडक धक्काशोषण हलक्या खुंटीभाराखाली ट्रेलरला हादरे देते. यासाठी हवेच्या उशीवरील जोडणी बसवितात. असा ट्रक खाजगी निवासी वाहन म्हणून नोंदविता येतो की व्यापारी समजला जातो, हे राज्याराज्यांत भिन्न असल्याने विमा व नोंदणी यांची चौकशी खरेदीपूर्वीच करणे भाग असते.

मापे व कायदा : पाचव्या चाकासाठी ट्रकचा हौदा २.४ मी. लांबीचा असणे सोयीचे असते. २ मी. च्या आखूड हौद्यात तीव्र वळण घेताना ट्रेलरचा कोपरा चालकाच्या खोलीच्या मागील काचेवर आदळतो. म्हणून वळताना मागे सरकणारी तबकडी बसवावी लागते. चारही चाकांना चालना असलेल्या उंच ट्रकवर ट्रेलरचे नाक वर राहते व त्याचा भार पुढच्यापेक्षा मागच्या आसावर अधिक पडतो.

अमेरिकेत खाजगी पर्यटनासाठी वाहन चालविणाऱ्यास व्यापारी परवान्याच्या केंद्रीय नियमांतून सामान्यतः सूट आहे. तरीही राज्ये आपले नियम करतात. टेक्सस राज्यात संयुक्त भारमर्यादा २६,००० पौंडांच्या (११,७९३ किग्रॅ.) वर व ट्रेलर १०,००० पौंडांहून (४,५३६ किग्रॅ.) अधिक असल्यास अव्यापारी ‘अ’ वर्गाचा परवाना लागतो. कॅलिफोर्नियात १५,००० पौंडांहून (६,८०४ किग्रॅ.) जड पाचव्या चाकाच्या ट्रेलरला तसाच परवाना लागतो व जोडवाहनाची लांबी सर्वसाधारणपणे ६५ फुटांपेक्षा (सु. २० मी.) अधिक चालत नाही. खाजगी वाहनांचे वजन रस्त्यावर क्वचितच तपासले जाते. त्यामुळे जादा भार घेऊन वर्षानुवर्षे फिरणारे पुष्कळ असतात. अपघात झाल्यावर मात्र मर्यादा ओलांडल्याची गोष्ट नुकसानभरपाईच्या दाव्यात पुढे येते.

वजनाची खातरजमा करण्याचा मार्ग सोपा व स्वस्त आहे. महामार्गांवरील ट्रकतळांवर वजनकाटे असतात व त्यांवर ट्रकचा पुढील आस, मागील आस आणि ट्रेलरचे आस यांचे वजन वेगवेगळे मिळते. प्रवासाच्या पूर्ण सामानासह एकदा ट्रेलर जोडून व एकदा तो सोडून असे वजन घेतल्यास दोन्ही वेळच्या ट्रकच्या वजनांतील फरक म्हणजे खरा खुंटीभार होय. नवा ट्रक घेण्यापूर्वी जुन्या ट्रकमागे ट्रेलर जोडून हे वजन घेणे शहाणपणाचे ठरते.

भारतात एवढे मोठे निवासी ट्रेलर प्रचारात नाहीत. महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनासाठी २०२१ मध्ये धोरण जाहीर केले. पण देशात प्रामुख्याने आढळतात ती एंजिनासह एकाच सांगाड्यावर बांधलेली निवासी वाहने होत. वर उल्लेखिलेल्या ५.९ लिटर कमिन्स एंजिनाच्या मालिकेशी मात्र महाराष्ट्राचा निकटचा संबंध आला आहे. किर्लोस्कर कमिन्स ही कंपनी पुण्यात १९६२ मध्ये स्थापन झाली. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या टाटा कमिन्स कंपनीने या मालिकेतील एंजिने जमशेटपूर येथे बनविण्यास सुरुवात केली व पुढे सातारा जिल्ह्यातील फलटण येथेही कारखाना उभारला. अमेरिकेत निवासी ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकांत प्रसिद्धी पावलेले हे एंजिन भारतात मालमोटारी व बसगाड्यांतून परिचित झाले आहे.